पाव इंचाची माया

पाच चौरस आणि बारा त्रिकोण. काही निळे, काही पांढरे. हे सतरा तुकडे टेबलावर सुटे पसरले तर त्यांत ताऱ्याचा मागमूसही नसतो. ठरावीक क्रमाने जोडत गेलं की मात्र बारा इंची चौरसात आठ टोकांचा तारा उमटतो. एकदा तो दिसला, की मग सुटे त्रिकोण पाहू म्हटलं तरी डोळा ऐकत नाही. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायका या नमुन्याला ‘सॉटूथ स्टार’ म्हणतात, म्हणजे करवतीच्या दात्यांचा तारा. एकोणिसाव्या शतकापासून तो शिवला जातोय आणि आजही नवशिक्यांच्या हाती पहिल्यांदा दिला जाणारा तारा बहुधा हाच असतो.

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मधे कापसाचा, खाली अस्तर, आणि तिन्ही एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. गोधडी शिवणाऱ्या हातांना यातलं काहीच नवं नाही. नवल आहे ते वरच्या थरातल्या गणिताचं. तारा टोकदार होणार की बोथट, हे ठरवणारं कापड शिवल्यावर दिसतच नाही. ते शिवणीच्या आत दुमडून जातं. शिंपी ज्याला माया म्हणतात ती ही पट्टी. क्विल्टकामात तिची रुंदी पाव इंच.

दहा चौरस

आता कापड कापू. मध्यासाठी साडेसहा इंचाचा १ निळा चौरस. कोपऱ्यांसाठी साडेतीन इंचाचे ४ पांढरे चौरस. शिवाय सव्वासात इंचाचा १ मोठा पांढरा चौरस आणि ३⅞ इंचाचे ४ निळे चौरस. झाले दहा. कातरीने त्रिकोण एकही कापायचा नाही, तरी शेवटी बाराच्या बारा त्रिकोण हाती येतात.

ते असे. मोठा पांढरा चौरस सुलट बाजू वर करून ठेवा. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन निळे चौरस पालथे ठेवा. मधोमध त्यांची टोकं एकमेकांवर जराशी चढतात, चढू द्या. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही निळ्या चौरसांवरून, खडूने एक तिरपी रेघ ओढा. या रेघेवर शिवायचं नाही. रेघेच्या अल्याड पाव इंचावर एक टीप, पल्याड पाव इंचावर दुसरी. नंतर रेघेवरून कातर चालवा. दोन भाग होतात. निळं कापड बाहेरच्या बाजूला उलगडून इस्त्री फिरवली, की प्रत्येक भागात एका पांढऱ्या त्रिकोणाला दोन निळे त्रिकोण लागलेले दिसतात. पांढऱ्याचा एक कोपरा अजून मोकळा असतो. उरलेल्या दोन निळ्या चौरसांपैकी एकेक प्रत्येक भागाच्या त्या कोपऱ्यावर पालथा ठेवायचा, कोपऱ्यातून दोन निळ्यांमधल्या खाचेच्या दिशेने रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना टीप, रेघेवर काप. उलगडून इस्त्री केली की हातात चार आयत येतात, प्रत्येक साडेसहा बाय साडेतीन. चिंधीसुद्धा वाया जात नाही.

पहिल्यांदा हे करणारा माणूस हमखास थबकतो. आपण चौरसावर चौरस ठेवला होता, तिरपा काप दिला होता, आणि हा आयत कुठून आला? प्रत्येक आयतात मधे एक मोठा पांढरा त्रिकोण आणि दोन्ही बाजूंना लहान निळे त्रिकोण. याचं चालू नाव ‘फ्लाइंग गीज’, उडते रानहंस. पांढरा त्रिकोण म्हणजे हंस, त्याचं टोक म्हणजे चोच.

त्रिकोण आधी कापून मग जोडायला काय हरकत आहे? हरकत अशी की कापड सगळ्या दिशांना सारखं वागत नाही. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढलं तर ते फारसं ताणलं जात नाही. तिरपं, म्हणजे उरेब ओढलं की चटकन लांबतं, आणि एकदा लांबलं की निमूट पूर्वीच्या मापावर येत नाही. त्रिकोण सुटा कापला तर त्याची एक बाजू उरेब पडते. मशीनखाली सरकवताना, इस्त्री फिरवताना, नुसती टाचणी लावतानाही ती ताणली जाते. आधी टीप आणि मग काप या युक्तीत उरेब कड मोकळी होण्याआधीच दोऱ्याने बांधलेली असते.

आता चोचीकडे नीट पाहा. हंसाची चोच आयताच्या कडेला टेकलेली नसते. कडेपासून ती बरोबर पाव इंच आत असते, आणि तिच्या पुढे निळं कापड जास्तीचं उरलेलं दिसतं. नवशिक्याला वाटतं, माप चुकलं, छाटून टाकावं. छाटलं की संपलं. हा आयत मधल्या निळ्या चौरसाला जोडताना ते पाव इंच शिवणीत जाणार आहे आणि चोच नेमकी शिवणीवर येऊन टेकणार आहे. टीप जरा खोल गेली तर चोच शिवणीखाली गडप होते. जरा वर राहिली तर चोच आणि चौरसामधे निळी फट दिसते. ताऱ्याच्या आठही टोकांचं असंच. प्रत्येक टोक आधी कडेपासून आत, नको तितकं आत वाटावं असं असतं, आणि शेजारचा तुकडा जोडला की जागच्या जागी टोकदार होतं.

जोडणी तीन ओळींत. पहिल्या ओळीत कोपरा, हंस, कोपरा. दुसऱ्या ओळीत हंस, मधला चौरस, हंस. तिसरी पहिलीसारखीच. चारही हंसांच्या चोची मध्याकडे. वरच्या आणि खालच्या ओळीतली माया इस्त्रीने एका बाजूला दाबायची, मधल्या ओळीतली उलट बाजूला. मग ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणींचे उंचवटे आपोआप एकमेकांत अडकून बसतात. बोटाला ते कळतं, टाचणीचीही गरज पडत नाही. शेवटी हा सबंध चौरस, म्हणजे ब्लॉक, साडेबारा इंच भरतो. कडेचा अर्धा इंच पुढच्या ब्लॉकची माया.

सात-अष्टमांश आले कुठून?

वरच्या मापांत एक आकडा खटकायला हवा. चौरसांना अर्धा इंच जास्त धरला, ते ठीक. दोन्ही बाजूंना पाव-पाव. पण लहान निळा त्रिकोण तयार झाल्यावर त्याच्या भुजा तीन इंचाच्या, आणि आपण त्यासाठी चौरस कापला ३⅞ इंचाचा. सात-अष्टमांश जास्त. मोठ्या त्रिकोणाची लांब बाजू सहा इंच, आणि चौरस सव्वासातचा. तिथे सव्वा इंच जास्त. हे आकडे क्विल्ट शिकवणाऱ्या प्रत्येक पुस्तकात असतात, पाठ केले जातात, आणि क्वचितच कुणी विचारतं की हे आले कुठून.

काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाव इंचाची माया काढून पाहा. काटकोनाच्या टोकाला ती चौरसासारखीच नेटकी बसते. पण ४५ अंशांच्या टोकाला दोन बाजूंच्या मायेच्या रेघा एकमेकींना भेटायला लांब जातात. हे लांब जाणं मोजलं तर भुजेत होणारी वाढ येते पाव इंच गुणिले (दोन अधिक वर्गमूळ दोन), म्हणजे साधारण ०.८५४ इंच. लांब बाजूत होणारी वाढ साधारण १.२०७ इंच. मोजपट्टीवर असल्या खुणा नसतात, म्हणून पहिला आकडा वर ओढून सात-अष्टमांश केला आणि दुसरा सव्वा. उरलेला केसाएवढा जादा भाग आयत साफ करताना छाटता येतो. आपण शाळेत चौरसाच्या कर्णासाठी शिकतो ते वर्गमूळ दोन, ज्याचे दशांश कधी संपतही नाहीत आणि पुन्हापुन्हा येतही नाहीत, ते पिढ्यानपिढ्या बायकांच्या कातरीखालून सात-अष्टमांशाचं रूप घेऊन जात आलं आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. सगळ्या शिवणी सारख्याच चुकल्या तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. सगळंच थोडं लहान होईल, एवढंच. तसं होत नाही. टीप जरा खोल गेली तर चौरस आक्रसतो दुप्पट आणि त्रिकोण जवळजवळ साडेतीनपट. दोघांचं नातं बिनसतं. हंस आणि कोपरा एकमेकांशी जुळेनासे होतात, आणि बाई मशीनला दोष देत बसते.

छिटाचा प्रवास

तुकडे जोडून पांघरूण करण्याची कला अमेरिकेने शोधलेली नाही. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे, ज्यावर आद्याक्षरांसोबत १७१८ हे साल जोडलेलं आहे. त्यातले तुकडे कागदाच्या साच्यांवर दुमडून मग एकमेकांना शिवलेले आहेत.

त्या काळात इंग्लंडमधल्या घरांत हवंहवंसं कापड होतं ते हिंदुस्तानी छीट. मच्छलीपट्टणच्या परिसरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेलं, धुतलं तरी रंग न सोडणारं. तिकडच्या लोकर आणि रेशीम विणकरांनी ओरड केली आणि पार्लमेंटने १७०० मध्ये या छापील कापडाच्या आयातीवर आणि १७२१ मध्ये ते वापरण्यावरच बंदी घातली. ही दुसरी बंदी उठायला १७७४ उजाडलं. छिटाची नक्कल करता करता इंग्रजी गिरण्या मोठ्या झाल्या आणि पुढे त्यांची छिटं अमेरिकेत गेली. १८३० च्या सुमाराच्या अमेरिकी क्विल्टांत मधे भलामोठा तारा आणि चार कोपऱ्यांत छिटातून कातरून लावलेली फुलं-पाखरं अशी रचना पुष्कळदा दिसते. ती फुलझाडं पाहिली की कोरोमंडलच्या पलंगपोसांवरची झाडं आठवतात.

छोट्या चौरसांच्या ब्लॉकांची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ झाली. कारणं अगदी व्यवहाराची. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांतून छापील सुती कापड स्वस्त मिळू लागलं होतं. त्याचा कापूस दक्षिणेत गुलामांच्या श्रमांवर पिकत होता, हेही त्याच हिशेबातलं. बारा इंची ब्लॉक मांडीवर मावतो. स्वयंपाक आटोपल्यावर, मूल झोपल्यावर तो हातात घेता येतो आणि मधेच ठेवून देता येतो. घरभर पसरणारं काम फक्त शेवटी, ब्लॉक जोडून तीन थर एकत्र शिवताना. त्या वेळी शेजारणी जमत. १८५० नंतर घरोघरी शिवणयंत्रं येऊ लागली आणि जोडणीचा वेग वाढला. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने कापडासाठी फिरत्या पात्याचा कटर आणला आणि कापणीचाही.

नावांची उलाढाल

ताऱ्यांना नावं देण्यात अमेरिकी क्विल्टवाल्यांनी हात आखडता घेतलेला नाही. बार्बरा ब्रॅकमन यांनी तुकडेजोडीच्या नमुन्यांचा जो कोश केला, त्यात चार हजारांवर नमुने आहेत. एकाच ताऱ्याला राज्यागणिक वेगळं नाव आणि एकाच नावाचे वेगवेगळे तारे, हे तिथे सर्रास दिसतं. तीन बाय तीनच्या घरांवर बसणारा एक तारा ओहायो स्टार म्हणून ओळखला जातो. २००१ मध्ये ओहायोच्या अ‍ॅडम्स काउंटीत डॉना सू ग्रोव्ह्ज या बाईंच्या पुढाकाराने तो एका कोठाराच्या भिंतीवर रंगवला गेला आणि तेव्हापासून कोठारांवर क्विल्टचे ब्लॉक रंगवण्याची रीत अमेरिकाभर पसरली. ‘कॅन्सस सिटी स्टार’ नावाचं वृत्तपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत क्विल्टचे नमुने छापत होतं, आणि गावोगावच्या वाचक बायका आपापले नमुने पाठवत.

एक गोष्ट मात्र गाळून घ्यावी लागते. ध्रुवताऱ्यासारखे नमुने असलेल्या गोधड्या कुंपणावर वाळत घालून, पळून जाणाऱ्या गुलामांना उत्तरेची वाट दाखवली जाई, ही कथा १९९९ मध्ये एका पुस्तकातून फार लोकप्रिय झाली. इतिहासकारांना त्या सांकेतिक भाषेचा पुरावा सापडलेला नाही. काळ्या बायकांनी क्विल्टमधे खरोखर काय शिवलं, ते त्या कथेहून जास्त चकित करणारं आहे; त्याकडे येतोच.

आठ शंकरपाळी, ३६० अंश

सॉटूथ स्टार हा चौकटीच्या वहीवर काढता येईल असा तारा. दुसऱ्या घराण्यातला तारा तसा नाही. त्याचे आठ तुकडे शंकरपाळ्याच्या आकाराचे, म्हणजे समभुज चौकोन. प्रत्येकाचं टोक ४५ अंशांचं, आणि आठही टोकं मध्यबिंदूत भेटतात. याचं नाव लेमॉयन स्टार. न्यू ऑर्लिन्स वसवणाऱ्या ल म्वान घराण्यावरून ते पडलं असं क्विल्ट शिवणारे सांगतात, आणि न्यू इंग्लंडमधे त्याचं ‘लेमन स्टार’ झालं, असंही.

बारा इंची ब्लॉकमधे या तुकड्याची बाजू किती? बारा भागिले (दोन अधिक वर्गमूळ दोन). तोच आकडा पुन्हा, या वेळी मायेत नाही, थेट ताऱ्यात. उत्तर येतं साधारण ३.५१५ इंच. साडेतीनला किंचित जास्त, आणि त्या ‘किंचित’ला मोजपट्टीवर जागा नाही.

तरी हा तारा गणकयंत्राच्या कितीतरी आधीपासून बिनचूक शिवला जात होता. तो कागदाच्या घड्यांतून काढता येतो. बारा इंची चौरस कागद घ्या. आडवी घडी, उभी घडी, झाला चतकोर. मूळ कागदाचा मध्य ज्या टोकाला आहे, त्या टोकातून जाणारी तिरपी घडी घाला. मग त्याच टोकातून आणखी एकदा, कोन निम्मा करत. आता कोन उरला साडेबावीस अंश. कागद उलगडा. शेवटच्या घडीच्या रेघा कागदाच्या कडेला जिथे लागतात, तीच ताऱ्याची आठ टोकं. कोपऱ्यापासून अंतर मोजलंत तर ३.५१५ इंच. जी संख्या कुठल्याच पट्टीवर लिहिता येत नाही, ती कागद चार घड्यांत काढून देतो.

कापडात मात्र हा तारा परीक्षा पाहतो. आठ टोकं प्रत्येकी ४५ अंशांची असली की बरोबर ३६० होतात आणि तारा सपाट पडतो. प्रत्येक टोक ४४ अंशांचं कापलं गेलं तर आठांचे ३५२. कापड टेबलावर बसेना, मध्य शंकूसारखा वर उठतो. ४६ अंशांचं झालं तर ३६८. मध्य जागेवर राहतो पण कडांना झोल पडतो, इस्त्रीने कितीही दाबला तरी. गणितज्ञ ज्याला पृष्ठभागाची वक्रता म्हणतात ती इथे बोटांना लागते. एका अंशाची चूक एका तुकड्यात डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आठांनी मिळून ती दिसते.

शिवाय दोन शंकरपाळ्यांमधल्या खाचेत कोपऱ्याचा चौरस बसवायचा असतो. त्यासाठी टीप कडेपर्यंत न्यायची नाही. शेवटचं पाव इंच मोकळं सोडून थांबायचं, कापड वळवायचं आणि दुसरी बाजू शिवायची. एक टाका पुढे गेला की खाचेत चुणी पडते. मध्यबिंदूत आठ तुकड्यांची माया गोळा होते, तिथे गाठ होऊ नये म्हणून उलट बाजूने सगळी माया एकाच दिशेला फिरवून दाबतात. ब्लॉक उलटा धरला की तिथे कापडाच्या कडांचा इवलासा दुसरा तारा दिसतो. तो फक्त शिवणाऱ्यालाच माहीत असतो, कारण वर अस्तर बसतं.

तारे पडले ती रात्र

हाच आठ टोकांचा तारा अख्ख्या पांघरुणाएवढा करायचा तर प्रत्येक मोठी शंकरपाळी लहान शंकरपाळ्यांची बनवतात. एका बाजूला सात धरले तर सात सत्ते एकोणपन्नास, आणि आठांचे मिळून ३९२ तुकडे. रंग मध्यापासून वलयांनी बाहेर पसरत जातात. याला लोन स्टार म्हणतात किंवा बेथलहेमचा तारा. आता या ताऱ्यासोबत उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात जायला हवं. आणि तिथली वाट १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटेतून जाते.

त्या पहाटे सिंह राशीच्या दिशेकडून येणाऱ्या उल्कांचा असा पाऊस झाला की लोकांना आकाशच गळून पडतंय असं वाटलं. चार वर्षांनी जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने ती रात्र पाहिली नव्हती. थोरांच्या तोंडून ऐकली होती. १८९० च्या दशकात तिने शिवलेल्या चित्रक्विल्टच्या एका चौकटीत ते पडणारे तारे आहेत. हे क्विल्ट आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. आणि तिकडे शेकडो मैलांवर, मैदानी प्रदेशातल्या लाकोटा या आदिवासी लोकांनीही तीच रात्र नोंदवली. त्यांच्याकडे प्रत्येक वर्षासाठी एक चित्र काढून ठेवण्याची परंपरा होती, कातड्यावर, पुढे कापडावर आणि कागदावर. त्या वर्षाचं चित्र ताऱ्यांचं. ते इतक्या चित्रमालिकांत आहे की अभ्यासक त्याचाच आधार घेऊन बाकीच्या वर्षांची सालं लावतात.

खांद्यावर पहाटतारा

लाकोटांचं पांघरूण म्हणजे बायसनचं, त्या रानबैलाचं कातडं. त्यावर नक्षी रंगवत, समारंभात ते खांद्यावर घेत. १८८० च्या दशकाअखेर कोट्यवधींचे कळप संपून उत्तर अमेरिकेत हजाराच्या आसपास बायसन उरले. लोकांना राखीव प्रदेशांत कोंडण्यात आलं. १८८३ च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारख्या विधींवर आणि शोकप्रसंगी वस्तू वाटून टाकण्याच्या रीतीवर बंदी आणली. याच काळात मिशनरी बाया आदिवासी बायकांना क्विल्ट शिवायला शिकवत होत्या. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरातली नीटनेटकी गृहकृत्यं त्यांनी उचलावीत, म्हणून.

बायकांनी शिवण उचलली आणि त्या शेकडो नमुन्यांतून आठ टोकांचा तारा आपला केला. पांघरूणभर एकच तारा. लाकोटा आणि त्यांचे शेजारी असिनिबॉइन यांच्यासाठी तो पहाटतारा: रात्र आणि दिवस यांच्या मधे उगवणारा, म्हणून गेलेल्यांचं जग आणि जितं जग यांच्याही मधला. कातड्याच्या जागी तो खांद्यावर आला. बाळाला नाव ठेवताना, मूल शाळेतून उत्तीर्ण झाल्यावर, लग्नात, सैनिक घरी परतला की, आणि मृत्यूनंतर. वर्षश्राद्धासारखा स्मरणाचा दिवस जवळ आला की घरातल्या बायका महिनोन्‌महिने क्विल्ट शिवतात आणि त्या दिवशी सगळी वाटून टाकतात. घराची पत साठवण्यावरून ठरत नाही, देण्यावरून ठरते. युविपी या उपचारविधीत वैदूला ज्यात गुंडाळतात तेही पुष्कळदा ताऱ्याचंच क्विल्ट असतं. आणि मोंटानातल्या फोर्ट पेक राखीव प्रदेशात बास्केटबॉलच्या स्पर्धांत खेळाडूंच्या खांद्यावर ते पांघरून सन्मान करतात, समोरच्या संघातल्या खेळाडूंचासुद्धा.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयाने २००७ मध्ये अशी ८८ क्विल्ट संग्रहात घेतली. फ्लॉरेन्स पुलफर्ड या कॅलिफोर्नियातल्या बाईंनी ती १९६० च्या दशकापासून गोळा केली होती. त्यांतली कित्येक फोर्ट पेकच्या अल्मिरा बफेलो बोन जॅक्सन यांच्या हातची. त्यांचे तारे पाहताना आधी रंग डोळ्यात भरतात. मग जवळ गेल्यावर नजर शेकडो टोकांवर जाते, आणि प्रत्येक टोक शेजारच्या टोकाला नेमकं भेटलेलं असतं.

अंतराळातलं पाव इंच

२०१३ मध्ये नासाच्या अंतराळवीर कॅरन नायबर्ग यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नऊ इंची ताऱ्याचा एक ब्लॉक शिवला. जमिनीवर कापड टेबलावर पडून राहतं म्हणून आपण ते मोजू शकतो. तिथे कापड, पट्टी आणि कातर तिन्ही तरंगतात. कापड सपाट राहतच नाही. सरळ काप देणं हेच मोठं काम. त्यांनी पृथ्वीवरच्या लोकांना आपापला तारा शिवून पाठवायचं आवाहन केलं आणि दोन हजारांहून जास्त ब्लॉक आले. पुढच्या वर्षी ह्यूस्टनच्या क्विल्ट महोत्सवात ते जोडून मांडले गेले.

घरी करून पाहायचं असेल तर लोन स्टारच्या वाटेला लगेच जाऊ नका. सॉटूथचे पाच बाय सहा, तीस ब्लॉक एकमेकांना थेट खेटून जोडा. ५१० तुकड्यांचं, पाच फूट बाय सहा फूट पांघरूण होतं. ते होताना आणखी एक गंमत घडते. शेजारच्या दोन ब्लॉकांचे हंस पाठीला पाठ लावतात आणि टोकावर उभा असलेला पांढरा चौरस तयार होतो. चार ब्लॉकांचे पांढरे कोपरे एकत्र येऊन सहा इंचाचा चौरस होतो, ताऱ्याच्या मध्याएवढाच. हे आकार कुणी कापलेले नसतात, शिवलेलेही नसतात.

आधी एकच चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या, बाजूबाजूने जोडा, इस्त्री करा, आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप आत जातेय, जास्त भरली तर बाहेर. मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण हलवा आणि पुन्हा शिवा. तारा कापायला घ्यायचा तो त्यानंतर.